राई गावाच्या बाजूने: ‘मृगनयनी’ कादंबरी व मालिका यांची प्रस्तावना

वृंदावनलाल वर्मा यांची ‘मृगनयनी’ ही हिंदी कादंबरी 1950 साली प्रसिद्ध झाली आणि 1991 साली अमोल पालेकर यांच्या दिग्दर्शनाने ती दूरदर्शनवर मालिकारूपाने आली. मधल्या चाळीस वर्षांत हिंदी प्रदेशातील वाचकांनी ही कादंबरी आपल्या घरच्या ग्रंथांत जमा करून टाकली. मराठी वाचकाचा तिच्याशी परिचय मात्र बहुधा ऐकीवच राहिला, आणि ज्यांचा प्रत्यक्ष झाला त्यांच्याही स्मरणात ग्वाल्हेरचा राजा मानसिंह तोमर, त्याची गुजर राणी आणि तिच्यासाठी किल्ल्याच्या पायथ्याशी उठविलेला महाल एवढाच ऐवज शिल्लक उरला. हा ऐवज खोटा नाही. परंतु तो कादंबरीचा अर्धाच भाग आहे, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते कमी मोलाचा अर्धा आहे. उरलेला अर्धा राई नावाच्या एका लुटल्या गेलेल्या खेड्यात सुरू होतो, त्या खेड्याच्या तटावर रक्त सांडून संपतो, आणि त्यात राजाला व राणीला जे लाभले त्यातले फारच थोडे ज्यांच्या वाट्याला आले अशा एका जोडप्याचे प्रेम वर्णिलेले आहे. महालाच्या सदर दरवाजाने या कथेत शिरणारे वाचक व प्रेक्षक पुष्कळ आहेत. ही प्रस्तावना त्यांना राईच्या बाजूने आत नेण्यासाठी लिहिली आहे.

ती नेरडीगोंड्यास बसून लिहिली आहे, हेही येथेच नमूद करणे उचित होईल, कारण पुढे व्यक्त होणाऱ्या मतांवर या जागेचा परिणाम झालेला आहे. निर्मळ मागे टाकून महबूब घाट चढून आदिलाबादच्या वाटेला लागले म्हणजे हे गाव लागते. येथे तेलुगू ही सरकारदरबारची भाषा, गोंडी डोंगरातली, लंबाडी तांड्यांवरची, मराठी बाजारातली आणि सोयरिकीतली, आणि उर्दू ही निजामी दफ्तरांची मागे उरलेली खूण. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा राजुरा आणि किनवट हे आदिलाबाद जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले. मराठी बोलणारी घरे मात्र सीमेच्या दोन्ही अंगांना राहिली. अशा मुलखातील माणसाला राजधानी ही पिढ्यानपिढ्या दूर राहिलेली आहे, आणि तिच्याकडून त्याच्यापर्यंत जे पोहोचत आले ते बहुधा हुकुमाच्या रूपाने: कधी जमाबंदीचा, कधी जंगलखात्याचा, कधी नुसताच अंमलदाराच्या मुक्कामासाठी रसद पुरविण्याचा. जोडेघाटास 1940 साली गोंडांचा पुढारी कोमराम भीम पडला तो अशाच हुकुमांच्या विरोधात. राजा व रयत यांची प्रेमकथा ऐकताना येथला श्रोता राजाच्या औदार्याने सहसा दिपून जात नाही; त्या गावाचे पुढे काय झाले, हा प्रश्न त्याच्या मनात आधी येतो.

याच मंडळात कडम नदीवर कुंतलाचा धबधबा आहे. सुमारे 45 मीटर उंचीवरून पाणी पायरी-पायरीने खाली उतरते, जवळच सोमेश्वराचे स्थान आहे, शिवरात्रीला तेथे माणसांची रीघ लागते, आणि या भागातील लोकांची अशी समजूत आहे की दुष्यंताला शकुंतला भेटली ती येथेच. कण्वाचा आश्रम कोठे होता याविषयी भारतवर्षातील अनेक ठिकाणांनी आपला दावा सांगितलेला आहे आणि त्या वादाचा निवाडा करण्याचा अधिकार आम्हांस नाही. मात्र या समजुतीमुळे एक गोष्ट आम्हांला आपोआप सुचते. मृगयेच्या निमित्ताने राजा रानात येतो, रानातल्या कन्येवर अनुरक्त होतो, आणि तिला नगरात नेतो किंवा न्यायचे विसरतो, हा आपल्या वाङ्मयातील फार जुना साचा. त्या साच्यात धनुष्य राजाच्या हाती असते आणि कन्येच्या हाती झारी. वर्मांनी साचा तोच ठेवला आणि धनुष्य मुलीच्या हाती दिले. राईची निन्नी ही स्वतःच पारध करणारी आहे. अरण्यातील अरणा म्हणजे रानरेडा तिने शिंगाला धरून अडविल्याची वार्ता ग्वाल्हेरपर्यंत जाते, मानसिंह शिकारीच्या निमित्ताने राईस येतो तो ती वार्ता खरी की खोटी हे पाहण्यास, आणि जे पाहतो त्याने थक्क होऊन तिला मागणी घालतो. शाकुंतलात राजाची खूण म्हणून अंगठी आहे आणि ती हरवताच सारे हरवते. येथे अशा खुणेची गरजच पडत नाही, कारण निन्नी ही विसरता येण्यासारखी स्त्रीच नव्हे.

परंतु कादंबरी या मागणीने सुरू होत नाही. सिकंदर लोदीच्या फौजांनी ग्वाल्हेरच्या आसपासचा मुलूख तुडवून टाकलेला आहे, राईचे मंदिर मोडलेले आहे, जी माणसे रानात लपून वाचली ती परत येऊन पडक्या भिंतींवर गवत घालीत आहेत, आणि अशा दैन्यातही होळीचा सण आलेला आहे, तो साजरा झाला पाहिजे, येथे तिचा प्रारंभ आहे. निन्नी आणि तिचा भाऊ अटल हे गुजर. लाखी ही अहिराची मुलगी, निन्नीची जिवाची मैत्रीण. दोघी मिळून शेताची राखण करतात, माचाणावर रात्र काढतात, डुकरे व हरणे हाकतात, आणि घरात धान्य नसेल त्या दिवशी तीर-कामठा घेऊन रानात जातात. त्यांची नेमबाजी हा हौसेचा प्रकार नव्हे, हे वर्मांनी इतक्या बारकाईने दाखविले आहे की पुढे ज्या शौर्यावर राजा लुब्ध होतो त्या शौर्याचे मूळ भुकेत आहे हे वाचकाला विसरता येत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या कादंबरीतील सर्वांत सरस लेखन या आरंभीच्या प्रकरणांत आहे. वर्मा हे पेशाने झाशीचे वकील आणि आवडीने पट्टीचे शिकारी होते. बुंदेलखंडातील रान त्यांनी पायांनी तुडविलेले होते, आणि जनावराची चाहूल, वाऱ्याची दिशा, ओल्या मातीवरील खूर यांविषयी ते लिहू लागले म्हणजे त्यांच्या अन्यथा काहीशा सैल गद्यात एकदम ताण येतो. महालातील संवाद लिहिताना तो ताण त्यांना नेहमीच साधलेला नाही.

निन्नी राणी होऊन, मृगनयनी हे नाव धारण करून ग्वाल्हेरला जाते. आणि अटल व लाखी मागे राहतात. या दोघांनी एकमेकांना वरले आहे, पण एक गुजर आणि दुसरी अहीर. राजाने गुजर मुलगी केली तेव्हा ज्या पुरोहिताला शास्त्रात आधार सापडला, त्याच बोधनाला या दोन गरिबांच्या लग्नासाठी आधार सापडत नाही. (सिकंदर लोदीने धर्ममताच्या कारणावरून ज्याला देहदंड दिला असा बोधन नावाचा एक ब्राह्मण इतिहासात नमूद आहे, वर्मांनी ते नाव व तो अंत घेऊन त्याभोवती एक हट्टी, निर्भय आणि संकुचित माणूस उभा केला. त्याला त्यांनी खलपुरुष केले नाही, याबद्दल त्यांचे कौतुक केले पाहिजे.) गाव दोघांना वाळीत टाकते. ती गाव सोडतात, नटांच्या एका तांड्याबरोबर भटकतात. हे नट मांडूच्या सुलतानाकडून पैसा घेऊन लाखीला त्याच्या स्वाधीन करण्याच्या बेतात आहेत हे तिला कळते, आणि नरवरच्या किल्ल्यास वेढा पडलेला असताना, तटावरून बाहेर सोडलेला दोर कापून ती तो बेत आणि शत्रूचा डाव एकाच घावाने उधळते. एका किल्ल्याचे रक्षण केल्यानंतरच या स्त्रीला आपल्या नवऱ्याची लग्नाची बायको म्हणवून घेण्याचा हक्क मिळतो, आणि तोही राजाच्या आश्रयाने, ग्वाल्हेरात. तेथेही लोकांची कुजबुज थांबत नाही. शेवटी दोघे राईच्या गढीचे रक्षक म्हणून आपल्या गावी परत येतात, आणि सिकंदराच्या सैन्याशी लढताना तेथेच पडतात.

निन्नी आणि लाखी यांच्या नशिबात जो फरक पडला तो त्यांच्या गुणांमुळे पडलेला नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे कादंबरीची खरी रचना दिसू लागते. दोघींचा नेम सारखा, धैर्य सारखे, गरिबीही सारखी. एकीला राजाने पाहिले आणि दुसरीला राजाच्या मेहुण्याने. ज्या समाजाने पहिल्या विवाहापुढे मान लववली त्याच समाजाने दुसऱ्या विवाहापुढे दार लावून घेतले, आणि राजाचे सामर्थ्य कोठपर्यंत पोहोचते व कोठे संपते याचा याहून चोख पुरावा मिळणे कठीण. मानसिंह लोदीशी वर्षानुवर्षे झुंज देऊ शकतो, पण राईतल्या दोनचार म्हाताऱ्यांची जीभ त्याला आवरता येत नाही. हे वर्मांना ठाऊक होते. मात्र कादंबरीचे नाव त्यांनी भाग्यवान मैत्रिणीच्या नावावरून ठेवले; दुसरीच्या नावावरून ठेवते तर ग्रंथ इतका खपला नसता, हे आम्ही मान्य करतो.

इतिहासाची बाजू थोडक्यात सांगितली पाहिजे. मानसिंहाची कारकीर्द 1486 ते 1516 अशी मानतात. सिकंदर लोदीने आग्ऱ्याला आपले ठाणे केले त्यात ग्वाल्हेरवर दाब ठेवणे हा एक हेतू होता. पण मानसिंह जिवंत असेतो किल्ला सिकंदराच्या हाती लागला नाही, तो पडला इब्राहीम लोदीच्या काळात, मानसिंहाच्या मुलाच्या हातून. आणि हाच मुलगा, विक्रमादित्य, 1526 साली पानिपतावर इब्राहीमच्या बाजूने लढताना पडला. बाबर 1528 साली ग्वाल्हेरचा किल्ला पाहून गेला आणि मानसिंहाच्या वाड्याची नोंद त्याने आपल्या आत्मचरित्रात केली. गुजर राणीची कथा लोकपरंपरेतून आलेली आहे, आणि त्या परंपरेचा ठळक भाग असा की राईचे पाणी ग्वाल्हेरपर्यंत आणले जाईल तरच मी येईन, ही तिने घातलेली अट.

या पाण्याच्या अटीचा अर्थ दरबारी कवींनी रूपवतीचा लाडिक हट्ट असा केला असेल. आमच्या भागात तो तसा कोणी करणार नाही. केस्लापूरला पौष अमावास्येस नागोबाची जत्रा भरते, तिच्या आधी मेसराम कुळातील गोंड अनवाणी चालत गोदावरीपर्यंत जातात, तेथील हस्तिनमडुगूचे पाणी भरून घेतात आणि तितकेच चालत परत येऊन त्या पाण्याने आपल्या देवाची पूजा करतात. वाटेत नाले आहेत, विहिरी आहेत. पाणी कोठलेही चालले असते तर ही पायपीट कशाला? आपल्या कुळाचे, आपल्या ठरलेल्या जागेचे पाणी ही ज्यांच्या जगण्यातली वस्तू आहे त्यांना राईच्या मुलीने सोन्याचे दागिने न मागता आपल्या गावच्या सांक नदीचे पाणी का मागितले हे समजावून द्यावे लागत नाही. ती राणी होण्यास तयार आहे, राईची उरली नाही असे म्हणवून घेण्यास तयार नाही. वर्मांनी हा धागा कादंबरीत जपला आहे, आणि ज्या कोणाला ही कथा पुन्हा पडद्यावर आणावीशी वाटेल त्याने तो मध्यभागी ठेवावा असे मला वाटते.

मराठी माणसाला ग्वाल्हेर परके नाही. दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली लष्करची वस्ती वसविली तेव्हापासून या शहरात मराठी दफ्तर चालले, मराठी सण झाले, आणि गाणेही मराठी कंठातून घुमू लागले. मानसिंहाच्या दरबारात ध्रुपदाला जी प्रतिष्ठा मिळाली आणि ‘मानकुतूहल’ नावाचा जो संगीतग्रंथ तयार झाला, त्याची माहिती आपल्याला औरंगजेबाच्या काळातील फकीरुल्ला याच्या ‘रागदर्पण’ या फारसी ग्रंथावरून होते. गुजरी तोडी या रागाचे नाते परंपरा याच राणीशी जोडते. पुढे ख्यालाचे घराणे ग्वाल्हेरात रुजले, बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती गायकी महाराष्ट्रात आणली, विष्णु दिगंबर पलुस्करांनी तिचा प्रसार केला, आणि 1918 साली भातखंड्यांच्या योजनेनुसार ग्वाल्हेरात माधव संगीत विद्यालय निघाले. सकाळच्या मैफलीत गुजरी तोडी ऐकून माना डोलावणाऱ्या पुण्याच्या किंवा मिरजेच्या श्रोत्याला राई गावाचे नावही ठाऊक नसेल. तरी त्या गावाचे ऋण त्याच्यावर आहे. गुजरी महालात 1922 साली शिंदे सरकारच्या पुरातत्त्वखात्याने वस्तुसंग्रहालय थाटले तेही मो. ब. गर्दे या मराठी अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली. स्वतः वर्मांचे झाशीशी असलेले नाते आणि 1946 साली त्यांनी लिहिलेली ‘झाँसी की रानी लक्ष्मीबाई’ ही कादंबरी लक्षात घेता, मराठ्यांच्या इतिहासाकडे इतक्या आपुलकीने पाहणारा दुसरा हिंदी कादंबरीकार दाखविणे अवघड आहे.

आता मालिकेकडे वळू. 1991 साल हे भारतीय दूरचित्रवाणीच्या इतिहासातले एक मजेदार साल होते. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ होऊन गेली होती, ‘द सोर्ड ऑफ टिपू सुलतान’ने वाद उठविला होता, चंद्रप्रकाश द्विवेदींचे ‘चाणक्य’ येऊ घातले होते. घरोघरी उपग्रह वाहिन्यांच्या तबकड्या व तारा पोहोचायच्या होत्या, आणि दूरदर्शन जे दाखवील ते सारा देश पाहत असे. मराठीत त्याआधीच ‘स्वामी’ने मार्ग दाखविला होता: रणजित देसाईंची 1962 सालची कादंबरी, गजानन जागीरदारांचे दिग्दर्शन, माधवरावांच्या भूमिकेत रवींद्र मंकणी आणि रमाबाईंच्या भूमिकेत मृणाल देव. त्या मालिकेच्या यशाने निर्मात्यांना एक धडा मिळाला, आणि तो पूर्णपणे हितकारक होता असे मला वाटत नाही. तो धडा असा की ऐतिहासिक प्रेमकथा म्हणजे समईच्या उजेडातले अंतःपुर, मंद बोलणारी माणसे आणि भरजरी शालू. पेशव्यांच्या वाड्याला हे सारे शोभले. शेताच्या माचाणावर त्याचा उपयोग नव्हता.

‘मृगनयनी’ पालेकरांच्या हाती जाणे हा या दृष्टीने चांगला योग होता. त्यांनी 1987 साली लुइसा मे अल्कॉटच्या ‘लिटिल विमेन’वरून ‘कच्ची धूप’ ही मालिका केली होती; चिं. त्र्यं. खानोलकरांच्या ‘कालाय तस्मै नमः’ या नाटकावरून 1985 साली ‘अनकही’ हा चित्रपट केला होता. परक्या किंवा जुन्या ग्रंथाला आपल्या मातीत रुजविण्याचा सराव त्यांना होता आणि स्वतःचा निर्णय स्वतः घेणाऱ्या स्त्रिया हा त्यांच्या आस्थेचा विषय होता. मृगनयनीच्या भूमिकेसाठी पल्लवी जोशी लाभल्या. पुढे चारच वर्षांनी, 1995 साली, याच दिग्दर्शकाने व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ पडद्यावर आणली: औंध संस्थानातील धनगरांची वस्ती, एक तरुण शाळामास्तर, दुष्काळ, आणि संपूर्ण कथेत एकही महाल नाही. ‘मृगनयनी’ आणि ‘बनगरवाडी’ ही दोन कामे शेजारी ठेवून पाहावीत अशी माझी शिफारस आहे. पहिल्या कथेत गाव ही राजधानीकडे जाणाऱ्या वाटेची सुरुवात आहे. दुसऱ्या कथेत गाव हेच सर्वस्व आहे, आणि संस्थानचा राजा एकदा पाहुणा म्हणून येऊन जातो तेवढाच.

ग्रामीण प्रेमकथेचे दूरचित्रवाणीवर रूपांतर करताना गाव मागे का पडते याचे कारण पुष्कळदा रसिकतेच्या अभावात शोधले जाते. प्रत्यक्षात ते चित्रीकरणाच्या खर्चात व वेळापत्रकात असते. महालाचे नेपथ्य एकदा उभारले म्हणजे तेथे भांडण, विषप्रयोग, गाणे, समेट असे दहा भाग सलग चित्रित करता येतात. पाऊस, ऊन, पीक यांचा संबंध येत नाही. खेड्याचे तसे नाही. पेरणी, राखण आणि कापणी या तीन गोष्टी एकाच शेतात दाखवायच्या तर तीन वेळा तेथे जावे लागते, आणि पीक कोणाच्या तारखा पाहून वाढत नाही. म्हणून नायिकेचे शेत दोन प्रसंगांत उरकले जाते, तिचा घागरा नवाच्या नवा राहतो, हातावर घट्टे दिसत नाहीत, आणि तिला अरणा अडविण्याइतके बळ कोठून आले हा प्रश्न प्रेक्षकाने विचारू नये अशी अपेक्षा केली जाते. आठवड्यातून एकदा, पंचवीस मिनिटांच्या आत काहीतरी घडलेच पाहिजे ही मालिकेची अट त्यात भर घालते. सुमनमोहिनी या थोरल्या राणीचा मत्सर अशा अटीला फार सोयीचा. लाखीने माचाणावर काढलेली निमूट रात्र अगदीच गैरसोयीची.

याला उपाय नाही असे नाही. टॉमस हार्डीच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ या 1874 सालच्या कादंबरीत गेब्रिएल ओक नावाचा मेंढपाळ बाथशेबा या शेतमालकिणीच्या धान्याच्या गंजी वादळी रात्री झाकतो. विजा कडाडत असतात, तिचा नवरा दारू पिऊन लोळत असतो, आणि हा माणूस, ज्याला तिने पूर्वी नकार दिला आहे, एकटाच वर चढून काम करीत राहतो. थोड्या वेळाने तीही त्याच्या मदतीला येते. प्रेमाचा एक शब्दही उच्चारला जात नाही, आणि इंग्रजी कादंबरीतील थोर प्रेमप्रसंगांत त्याची गणना व्हावी अशी त्याची योग्यता आहे. या कादंबरीवर 1967 व 2015 साली चित्रपट आणि 1998 साली दूरचित्रवाणीरूप झाले. शेतकऱ्याचे प्रेम कष्टातूनच दाखविता येते हे हार्डीला कळले होते, आपल्याकडे श्री. ना. पेंडसे यांना कळले होते, म्हणून ‘गारंबीचा बापू’मध्ये बापूचा दरारा आणि त्याचा सुपारीचा व्यापार वेगळे काढता येत नाहीत, आणि वर्मांना निदान कादंबरीच्या पहिल्या तृतीयांशापुरते तरी नक्कीच कळले होते.

वर्मांच्या उणिवांविषयी न बोलणे हा वाचकाशी अप्रामाणिकपणा होईल. मानसिंह हा अति गुणवान आहे; त्याच्या तोंडी जातिभेद, श्रमप्रतिष्ठा, लोककल्याण यांविषयी जी भाषा आहे ती पंधराव्या शतकातील राजाची नसून नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील सुशिक्षित सज्जनाची आहे. याउलट गुजरातचा महमूद बेगडा आणि मांडूचा गियासुद्दीन ही दोन्ही चित्रे भडक रंगांनी रंगविली आहेत: एक अचाट खादाड, दुसरा अचाट विषयलंपट. बेगड्याच्या आहाराच्या व विषभक्षणाच्या कथा सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातेत आलेल्या वार्थेमासारख्या प्रवाशांनी ऐकून लिहिल्या आणि पुढे त्या वाढतच गेल्या. चांपानेर वसविणारा, दीर्घकाळ राज्य करणारा हा सुलतान एवढ्यावर निकालात काढणे इतिहासाला धरून नाही. पडद्यावर अशी पात्रे पाहणाऱ्यांनी ती व्यंगचित्रे म्हणून पाहावीत, बखर म्हणून नव्हे. मृगनयनी आपल्या मुलांचा गादीवरील हक्क स्वखुशीने सोडते तो प्रसंगही मला पूर्णपणे पटत नाही. त्यागाने कथेचा गुंता सुटतो, पण राईची जी मुलगी पाण्यासाठी अट घालते ती मुलांच्या बाबतीत इतक्या सहजपणे निरिच्छ होईल का?

तथापि हे दोष जमेस धरूनही असे म्हटले पाहिजे की स्वातंत्र्यानंतर तीन वर्षांच्या आत, जेव्हा ऐतिहासिक कादंबरी बहुशः वीरांच्या जयजयकारात गुंतली होती, तेव्हा एका वकिलाने राजवैभवाच्या कथेच्या मध्यभागी एका आंतरजातीय लग्नाचा खटला उभा केला, फिर्यादी, साक्षी, पुरोहित व पंच सगळे हजर केले, आणि निकाल मात्र लाखीच्या प्रेतावर लिहिला. तो निकाल समाजाच्या विरुद्ध आहे. मालिका पाहून जर राजा-राणीच कोणाच्या मनात उरणार असतील तर तिने तो खटला दाखल करून न घेताच निकालात काढला असे म्हणावे लागेल, आणि या कसोटीवर प्रत्येक प्रेक्षकाने तिची स्वतः परीक्षा करावी.

शेवटी वाचकाला एक व्यवहाराची सूचना. ‘मृगनयनी’ची हिंदी अवघड नाही, अधूनमधून बुंदेली शब्द येतात, पण विदर्भातल्या किंवा आदिलाबादेतल्या मराठी माणसाला ते अडवणार नाहीत. प्रथम निन्नी गाव सोडून जाईपर्यंतची प्रकरणे सावकाश वाचावीत. मग ग्वाल्हेरची प्रकरणे तात्पुरती बाजूस ठेवून अटल व लाखी यांच्या मागोमाग नरवरला आणि तेथून परत राईला जावे. सुलतानांची प्रकरणे वेळ असेल तरच वाचावीत, नसेल तर फारसे बिघडत नाही. एवढे झाल्यावर महालात शिरावे, गुजरी तोडी ऐकावी, आणि मालिका त्यानंतर पाहावी. मराठीत या कादंबरीचे नवे, बुंदेली बोलीला आपल्या एखाद्या रानबोलीचा पर्याय देणारे भाषांतर कोणी करील तर ते या सीमेवरच्या वाचनालयांतही आवर्जून पाठवावे. येथे त्याला वाचक मिळतील.